वन्संनी सांगितलेला शेवट

मेणात नुकताच बसवलेला सुळा वन्संनी चिमट्याने उपटला आणि टेबलावर आपटला.

"असा! मुळासकट! एवढंच तर करायचं होतं तिला," त्या म्हणाल्या. "चार वर्षं जिन्याखाली दबा धरून बसली. काल नवरा एकटा, आजारी, आयता हातात सापडला. आणि हिने काय केलं? तो कपडे वाळत घालत होता, ते बघत बसली. आख्खा भाग! अहो, कपडे वाळायला लागतो तेवढ्या वेळात तीन खून होतात."

खिडकीजवळच्या माणसाने पॉलिशचं चाक बंद केलं. तो कवळ्यांना अशी काही झिलई आणायचा, की दातांच्या त्या लॅबमध्ये सगळे त्याला चकाकीच म्हणत. निवृत्तीला टेकलेला, अंगाने आडवा, आणि डोळ्यांतलं पाणी कायम काठावर.

"मला तर भरून आलं, मॅडम," तो म्हणाला. "शर्टाच्या बाह्या किती नीट ताणत होता तो. त्याला हे काम येतं, हे तिला जिवंतपणी कुठे माहीत होतं?"

"तुम्हाला साबणाची जाहिरात बघूनही भरून येतं."

चकाकीने मुकाट्याने चाक सुरू केलं. वन्संनी सुळा पुन्हा मेणात रोवला. खालच्या जबड्याची ही कवळी त्यांच्या वहिनींची होती. जुनी तडकली होती, म्हणून नवी करायला घेतली होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी दात दातासारखे बसवून मोकळं केलं असतं. लोकांना हवे असतात नटासारखे दात, आणि चेहरे असतात बटाट्यासारखे. त्या चेहऱ्यांत ते दात म्हणजे पडक्या घराला संगमरवरी दार. पण इथे वन्सं वेळ घेत होत्या.

मालिकेचं नाव 'जिन्याखालची'. नवी नवरी सासरच्यांना नकोशी झाली, त्यांनी तिला जिन्यावरून ढकललं, आणि ती भूत होऊन त्याच जिन्याखाली राहू लागली, इतकीच मूळ गोष्ट. पण पुढे तिने एकेकाचा जो समाचार घेतला, त्याला तोड नव्हती. दीर बुडाला, तोही बादलीभर पाण्यात. सासूची वाचा गेली. चुलतसासरा स्वतःच्या सावलीला घाबरून जो पळाला, तो अजून पळतोच आहे. उरला होता फक्त नवरा, आणि त्याच्यासाठी शेवटचे तीन भाग राखून ठेवले होते. सगळे दात परजून बसले होते. गुरुवारी पहिला भाग लागला आणि त्यात कुणी चकार शब्द बोललं नाही. नवरा खोकला, उठला, कपडे धुतले, वाळत घातले. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती. संपलं.

फोनवर चाहत्यांचा मोठा गट होता. वन्सं तिथे 'सुळा' या नावाने लिहीत आणि लोक त्यांच्या लिहिण्याची वाट बघत. गुरुवारी त्यांनी लिहिलं, "डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं. यांनी डोंगर पोखरला आणि उंदरालाही माफ केलं." हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. कुणा भाबड्याने खाली लिहिलं, की भाग संथ आहे पण खोल आहे. सुळ्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "संथ म्हणजे खोल वाटत असेल, तर एकदा डबक्यात उतरून बघा." तो भाबडा पुन्हा काही बोलला नाही. वन्संना असं गप्प झालेलं माणूस आवडे. काम नीट झाल्यासारखं वाटे.

लॅबमध्ये त्या मॅडम होत्या, गटात सुळा, आणि वन्सं म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. थोरल्या भावाची बायको.

भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. हयातभर जाड चष्म्याआडून शाळेत गणित शिकवलं, पण गावात नाव झालं ते जिभेमुळे. त्याने कुणाला काय टोमणा मारला, हे लोक एकमेकांना हसत हसत सांगायचे. ज्याला मारला तो सोडून. घरात वहिनींवर त्याने हात कधी उचलला नाही. गरजच पडली नाही. चहा पुढे आला की म्हणायचा, "हे पाणी गरम केलंय की चहा गार केलाय?" वहिनींनी एकदा वाचनालयात नाव घालायचं म्हटलं, तर म्हणाला, "घाला की. पुस्तकांनाही जरा विश्रांती मिळेल." काचबिंदूने वहिनींची नजर जायला लागली तेव्हा डॉक्टरांच्या देखत म्हणाला, "आधी डोळे असून दिसत नव्हतं. आता निदान कारण तरी मिळालं."

त्या दिवशी घरी येऊन वन्संनी त्याला असा काही फाडला होता, की तो जेवता जेवता उठून गेला. लग्न न करता त्या या घरात राहिल्या होत्या. भावाच्या एकेका वाक्याला दुसरं वाक्य त्यांनीच दिलं होतं. ताटं समोर असायची आणि दोघं बहीणभाऊ वाक्यांनी लढायची. वहिनी वाढत राहायच्या. भिंतीलाही कधी ना कधी पोपडे धरतात, वहिनींना तेही धरले नाहीत. वन्संना याचा मनस्वी राग होता. आपण जिच्यासाठी तलवार उपसतो, तिने निदान टाळी तरी वाजवावी!

आता घरात दोघीच. संध्याकाळी साडेसातला मालिका लागे. वहिनी पलंगावर भिंतीला टेकून बसत, वन्सं खुर्चीत. नजर आता पुरती गेली होती, तरी बोलणं वहिनींना ऐकू यायचं. न बोलता जे घडे ते वन्सं सांगायच्या. "आता ती आरशातून बाहेर आली. सासूची पाठ आहे तिच्याकडे. बघ, बघ म्हातारे, वळून बघ!" वहिनी हसायच्या, उशी छातीशी धरायच्या. वन्संचं सांगणं मालिकेपेक्षा सरस असे. हे त्यांना स्वतःलाही माहीत होतं.

शुक्रवारी दुसरा भाग सुरू झाला. खोकला. पावलं. भांड्याचा आवाज.

"काय चाललंय?" वहिनींनी विचारलं. खालची कवळी नसल्यामुळे शब्द ओठांतून निसटत होते.

"काय चालणार? महाराज भात लावताहेत. लेखकाला बहुतेक भूक लागली असेल."

"आणि ती?"

"ती दारात उभी आहे. खांबासारखी. खांब तरी छत धरतो."

"त्याच्याकडे बघतेय?"

वन्संनी पडद्याकडे पाहिलं. बघत होती. नुसती बघत होती, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, माया नाही. कुणाची तरी गाडी यायला वेळ आहे, तशी. वन्संचा संताप संताप झाला. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असं त्या म्हणणारच होत्या; जीभ वेळेवर चावली. मग एकाएकी त्यांना वाटलं, वहिनींना काय दिसतंय? मी सांगेन ते!

"थांबा," त्या म्हणाल्या. "पुढे झाली. त्याच्या पाठीशी आली. त्याला गार वारा लागला. मान चोळतोय."

"मग?"

"मग काय, हातातला चमचा पडला. घाबरलाय. कपाळाला घाम."

चमचा पडल्याचा आवाज कुठे आला नव्हता.  वहिनींनी उशी जवळ ओढली.

शनिवारी लॅब अर्धा दिवस. कवळी पॉलिशसाठी चकाकीकडे सोपवून वन्सं घरी आल्या. त्या दुपारी गट नुसता पेटला होता. शेवटच्या भागात ती ढकलणार की नाही, यावर माणसं एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचली होती. सुळ्याने शेवटचा इशारा दिला, "आज नाही ढकललं, तर ते भूत नव्हतंच. घरकाम करणारी हवा होती."

साडेसात वाजले. नवरा जिना चढत होता. एकेक पायरी, कठड्याला धरून. ती वरच्या पायरीवर उभी होती. तो वर पोचला आणि दोघं समोरासमोर आली. पहिल्यांदाच त्याला ती दिसली. वन्सं खुर्चीच्या कडेवर आल्या. तो काही बोलला नाही. माफी नाही, किंकाळी नाही. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं, जशी एखादी बाई दुकानात जुनी वस्तू न्याहाळते आणि ठेवून देते. मग त्याच्या बाजूने जिना उतरली, पुढच्या दाराची कडी काढली आणि बाहेर पडली. दार उघडंच राहिलं. बाहेर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती. ती त्यांच्यातून चालत गेली आणि पुढच्या वळणानंतर दिसेनाशी झाली.

पण हे वन्संनी पाहिलं. सांगितलं ते वेगळं.

"आला वर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली उतरला, दात ओठांवर आले. "धापा टाकतोय. आता बघितलं तिला. पाय लटपटताहेत. ती म्हणत काहीच नाही, वहिनी, नुसता हात पुढे केलाय. एक बोट. छातीवर टेकवलं. ढकललं! गेला! गडगडत गेला, एकेक पायरी मोजत. डोकं आपटलं. चष्मा उडाला, पायरीवर पडून फुटला. खाली पडलाय उताणा. आणि तोंड उघडं, पण शब्द नाही. एक शब्द नाही!"

खोलीत फक्त शेवटचं संगीत वाजत होतं.

"याला चष्मा होता?" वहिनींनी विचारलं.

"होता ना. केव्हापासूनचा."

"अच्छा."

वन्संना घाम फुटला होता. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पाणी प्यायल्या. फोनवर गटाची दोन शकलं झाली होती, एकीकडे ढकलवाले, दुसरीकडे दारवाले. दारवाले म्हणत होते, असा शेवट कुणी केला नव्हता. सुळ्याने लिहिलं, "बरोबर आहे. कुणी केला नव्हता, कारण याआधीच्या लेखकांना लाज होती." वन्संना बरं वाटलं. लेखकाची चूक त्यांनी निदान एका घरापुरती तरी दुरुस्त केली होती.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. चकाकी उभा होता, हातात डबी.

"म्हटलं, वहिनींचा आणखी एक दिवस कशाला मोडा," तो म्हणाला. "मुद्दाम बसून पूर्ण केली."

वन्संनी कवळी धुऊन वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी बोटांनी एकेक दात चाचपला, तोंड फिरवून ती बसवली, दोनदा चावून पाहिलं.

"छान बसली. खुपत नाही कुठे," त्या म्हणाल्या. शब्द स्वच्छ आले. "बसा ना. चहा घ्या."

वन्सं चहा टाकायला आत गेल्या, आणि आधण येईपर्यंत त्यांना बाहेरचं ऐकू आलं.

"काय हो, तुम्ही बघता का ती 'जिन्याखालची'?" वहिनी विचारत होत्या. "शेवट कसा वाटला?"

"वहिनी, काय सांगू! मी तर रात्रभर..." चकाकीचा आवाज तिथेच ओला झाला. "ती त्याला हातसुद्धा लावत नाही. नुसती बघते, आणि त्याच्या बाजूने उतरून जाते. दार उघडून सरळ रस्त्यावर. ऊन पडलंय, लोक चाललेत, कुणाला पत्ता नाही की ही भूत आहे. आणि तो वर उभा. मला वाटलं होतं तो रडेल. पण त्याला कळतच नाही, वहिनी, की आपलं काय झालं."

चहा उतू गेला. वन्संनी ओटा पुसला, पुन्हा पुसला. कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा चकाकी रुमालाने डोळे टिपत होता आणि वहिनी ऐकत होत्या. मान थोडी तिरकी, जशी त्या गाणं ऐकताना करत.

"चालताना मागे वळली का ती?" वहिनींनी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

चकाकीने चहा संपवला, मॅडमकडे ओझरतं पाहिलं आणि निघाला. दार लागल्यावर वन्संनी कप उचलले नाहीत.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "विचारायचंच होतं तर मला विचारायचं. त्या रडक्याला कशाला?"

"तुम्हाला काय विचारायचं, वन्सं? मला कालच कळलं होतं. जिन्यावरून माणूस पडला की आवाज होतो. आणि कडी काढलेली ऐकू आली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही रंगात आला होतात."

वन्सं खुर्चीत बसल्या. "तो शेवट भिकार आहे, वहिनी. कुणी सांगितला म्हणून चांगला होत नाही. चार वर्षं दबा धरून बसायचं, आणि मग काय, तर फिरायला जायचं? ज्याला तोंडावर दोन शब्द सुनवायची हिंमत नाही त्याने भूत व्हावंच कशाला? तुमच्यासाठी ढकललं मी त्याला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"माझ्यासाठी?"

 वहिनींनी नव्या दातांवरून जीभ फिरवली.

"मला कुणाला ढकलायचं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एक दिवस जेवणं शांततेत व्हावीत. नुसता भांड्यांचा आवाज. म्हणून परवाचे ते भाग मला आवडत होते. कुणी काही बोलत नव्हतं."

"मी तर बोलत होते."

"हो. तुम्ही बोलत होतात."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज आला. कुणीतरी गाडी मागे घेत होतं. वन्संनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"रागावू नका," वहिनी म्हणाल्या. त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या, उशीचा अभ्रा सारखा करत. "दिसत होतं तोवर माझ्या कधी ध्यानात आलं नाही. तुमचा चेहरा सासूबाईंवर गेलाय, अगदी मऊ. पण आता चेहरा नाही ना, नुसता आवाज येतो. आणि तुम्ही त्यांच्याच खुर्चीत बसता. मालिकेला नावं ठेवायला लागलात, की मला वाटतं ते आहेत. तसंच. थांबायचं कुठे, शेवटचा शब्द टाकायचा कसा, सगळं तसंच. सुरुवातीला मी दचकायचे."

"आणि आता?"

"आता सवय झाली."

वहिनींनी उशी पाठीशी ठेवली आणि टेकल्या. बोलण्यात कुठे खोच नव्हती. हवा पालटली आहे, असं सांगावं, तितकंच.

वन्संना उत्तर सुचलं. नेहमीसारखं लगेच सुचलं, धारदार, एका दमात म्हणता येईल असं. भावाला ते आवडलं असतं. त्या ते जिभेवर घेऊन बसल्या, बराच वेळ.

दुपारी दोघी जेवल्या. वन्संनी वाढलं. वहिनी सावकाश चावत होत्या, नवे दात पारखत. कुणी काही म्हणालं नाही. नंतर फोन दोनदा वाजला. गटात कुणीतरी सुळ्याला हाका मारत होतं, दारवाल्यांनी फार मस्ती केली आहे, या, जरा दाखवा त्यांना. वन्संनी फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला, वाचला, अंगठा अक्षरांवर नेला, आणि परत पालथा ठेवला.

उन्हं उतरली तशी खोली हळूहळू मावळत गेली. दिव्यावाचून वहिनींचं काही अडत नव्हतं, आणि वन्संना तो लावायचं सुचलं नाही. केव्हातरी त्या खुर्चीतून उठल्या आणि आवाज न करता पलंगाच्या पायथ्याशी, खाली, भिंतीला पाठ लावून बसल्या. तिथून टीव्ही नीट दिसत नव्हता. टीव्ही बंदच होता.

वहिनींनी मान तिरकी करून कानोसा घेतला. खुर्चीच्या दिशेने. मग त्यांचा हात पलंगावर थोडा पुढे सरकला.

"वन्सं," त्यांनी विचारलं, "आहात ना?"

"आहे," वन्सं म्हणाल्या.

आणि मग घसा खाकरून, जरा निराळ्या आवाजात, त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"आहे."